वर पाहणारा कॅमेरा: झॅक स्नायडरच्या सुपरमॅनविषयी एक संवाद

झॅक स्नायडर या अमेरिकन दिग्दर्शकाने सुपरमॅन आणि बॅटमॅन यांचे जे रूप पडद्यावर आणले, त्यावरून या नायकांच्या चाहत्यांत पडलेली फूट अजून सांधलेली नाही. ‘मॅन ऑफ स्टील’ (2013) आणि ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन: डॉन ऑफ जस्टिस’ (2016) हे दोन चित्रपट सर्वस्वी त्याचे. तिसरा, ‘जस्टिस लीग’, मुलीच्या मृत्यूनंतर 2017 च्या मे महिन्यात त्याने अर्ध्यावर सोडला, जॉस व्हीडनने बराच भाग नव्याने चित्रित करून तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पूर्ण केला, आणि चाहत्यांनी वर्षानुवर्षे लावून धरलेल्या मागणीनंतर 2021 च्या मार्चमध्ये स्नायडरचे स्वतःचे चार तासांचे संकलन प्रेक्षकांसमोर आले. या साऱ्या कामाविषयीचा वाद बहुधा ‘अंधार हवा की उजेड’ एवढ्याच शब्दांत घातला जातो. रंग फिके आहेत, विनोद कमी आहे, नायक फारसा हसत नाही, हे सगळे खरे असले तरी ती केवळ लक्षणे आहेत. मुळातला प्रश्न असा, की ज्याच्या सामर्थ्याला सीमा नाही अशा नायकाकडे प्रेक्षकाने कोठून पाहावे, त्याच्या शेजारी उभे राहून की त्याच्या पायथ्याशी उभे राहून.

शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, म्हणजे ज्याला उत्तर द्यायचे ते मत, आधी आणि शक्य तितक्या जोरकसपणे मांडण्याची रीत आहे. पुढील संवादात तीच पाळली आहे, म्हणून आधी आक्षेपक बोलतो आणि मग समर्थक. दोघांचाही या नायकांवर मनापासून जीव आहे हे ध्यानात ठेवावे लागते, कारण ज्याला सुपरमॅनचे काहीच वाटत नाही तो त्याच्या एका कृतीवरून दहा-दहा वर्षे भांडत बसणार नाही.

आक्षेपक: सुपरमॅनची पहिली गोष्ट 1938 साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात छापली गेली, आणि ती रचणारे जेरी सीगल व जो शुस्टर हे क्लीव्हलंड शहरातले दोन तरुण ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले होते. मंदीने पिचलेल्या त्या काळातला हा नायक आधी उडत नव्हता, नुसत्या लांब उड्या मारत होता, आणि त्या उड्या मारून तो बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला वठणीवर आणत होता, निरपराध बाईचा मृत्युदंड ऐन वेळी टाळत होता. वर्षभराच्या आतच एका गोष्टीत तो गरिबांची मोडकळीला आलेली वस्ती स्वतःच पाडून टाकतो, कारण ती पडल्याशिवाय सरकार तेथे नवी घरे बांधणार नाही हे त्याला कळलेले असते. म्हणजे सामर्थ्य अफाट असले तरी त्याचा वापर गल्लीतला होता. रिचर्ड डोनरने 1978 च्या ‘सुपरमॅन’मध्ये हेच जपले, त्यात क्रिस्टोफर रीव्हचा सुपरमॅन कोसळत्या हेलिकॉप्टरमधून आपली सहकारी पत्रकार लोइस हिला वाचवतो आणि त्याच रात्री एका लहान मुलीचे झाडावर अडकलेले मांजरही उतरवून देतो. स्नायडरच्या सुपरमॅनला मांजर उतरवायला सवड नाही. त्याचा मानलेला बाप जोनाथन केंट त्याला शिकवतो ते लपून राहायला. बुडत्या बसमधली शाळेतली मुले वाचवली यात काय चुकले, असे पोर विचारते तेव्हा, कदाचित वाचवायला नको होतेस, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळते. पुढे तोच बाप चक्रीवादळात सापडतो आणि मुलाने आपल्याला वाचवायला येऊ नये म्हणून हात वर करून त्याला थांबवतो. नायकाच्या घडणीचा पायाच ‘मदत करू नकोस’ हा असेल, तर त्यावर उभा राहणारा माणूस सुपरमॅन कसा म्हणायचा?

समर्थक: तुम्ही त्या बापाचा हात पाहिलात, त्याचे भय पाहिले नाही. शेतावर सापडलेले हे परके मूल जगाला कळले तर जग त्याचे काय करील, या भीतीने पोखरलेला एक साधा शेतकरी बाप तेथे उभा आहे, आणि आपल्या भीतीची किंमत तो आपल्याच जिवाने चुकवतो. मुलगा थांबतो, बाप डोळ्यांदेखत जातो, आणि पुढे कित्येक वर्षे तो मुलगा अनोळखी माणसांना वाचवत गावोगाव नाव बदलून फिरतो. जळत्या तेलविहिरीच्या फलाटावरचे कामगार तो वाचवतो ते याच काळात. बापाचे शिकवणे चुकीचे होते हे चित्रपटच मुलाच्या कृतीतून दाखवतो. परिपूर्ण आईबापांच्या पोटी परिपूर्ण मूल जन्माला घालणे सोपे असते. ज्याला घरात भय मिळाले तो निर्भय कसा झाला, ही कथा त्याहून अवघड आहे, आणि 1938 च्या कथेला 75 वर्षे पूर्ण होत असताना ती सांगायला हवी होती.

आक्षेपक: मग सुपरमॅनच्याच ग्रहावरून आलेल्या सेनापती झॉडचे काय? ‘मॅन ऑफ स्टील’च्या शेवटी एका रेल्वे स्थानकात झॉड डोळ्यांतून निघणाऱ्या आगीचा झोत एका कोपऱ्यात अडकलेल्या कुटुंबाकडे सरकवत नेतो, सुपरमॅन त्याची मान दोन्ही हातांनी धरून त्याला थांबण्याची विनवणी करतो, आणि अखेर ती मान मोडतो. जो प्रत्येक वेळी तिसरा मार्ग शोधून काढतो तो सुपरमॅन, अशी या पात्राची पिढ्यान् पिढ्यांची ओळख आहे. पटकथाकार आणि दिग्दर्शक हेच परिस्थिती रचतात. तिसरा मार्ग उरला नाही, कारण तो त्यांनी उरू दिला नाही.

समर्थक: ही ओळख तुम्ही म्हणता तेवढी अखंड नाही. जॉन बर्न या चित्रकार-लेखकाच्या 1988 मधल्या कॉमिक्समध्ये सुपरमॅनने क्रिप्टॉनच्या तीन गुन्हेगारांना क्रिप्टोनाइटने, म्हणजे त्याच्या ग्रहाच्या लोकांना घातक ठरणाऱ्या खनिजाने, मृत्युदंड दिला होता. बॅटमॅनविषयीही हेच म्हणता येईल. 1939 मधल्या पहिल्या गोष्टींत तो माणसे मारत होता, न मारण्याचा नियम नंतर संपादकांनी घातला, आणि 1989 च्या टिम बर्टनच्या चित्रपटात तो नियम पाळलेला नाही. शिवाय स्थानकातला तो प्रसंग शेवटपर्यंत पाहावा. मान मोडल्यावर विजयाचे संगीत वाजत नाही. सुपरमॅन गुडघ्यांवर कोसळतो, त्याच्या तोंडून किंकाळी बाहेर पडते, आणि लोइस धावत येते तेव्हा तो तिला बिलगतो. आपल्या वंशातला उरलेला शेवटचा माणूस त्याने स्वतःच्या हाताने संपवलेला असतो. हत्या किती जड असते हे कळावे म्हणूनच ती तेथे आहे.

आक्षेपक: ती किंकाळी खरी आहे, हे मान्य. पण त्यानंतरचा प्रसंग तुम्ही सोडून दिलात. त्या किंकाळीनंतर चित्रपट थेट उन्हात येतो. सुपरमॅन लष्कराचे एक टेहळणी यंत्र पाडून जनरलच्या गाडीपुढे आणून टाकतो, दोघांत थोडी चेष्टा होते, आणि जनरलसोबतची अधिकारी त्याच्या देखणेपणावर शेरा मारते. ज्या शहराचा मधला भाग भुईसपाट झाला तेथे कोण गाडले गेले, कोणाला बाहेर काढले, यासाठी एक मिनिट नाही. दुःख दाखवणे आणि दुःखाला वेळ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे संवाद थोडा थांबवावा लागतो, कारण हा आक्षेप या सबंध वादातला सर्वांत वजनदार आहे आणि समर्थकांकडून त्याला मिळणारे उत्तरही तितकेच वजनदार आहे. समर्थक म्हणतात, की त्या मिनिटाचे देणे 2016 च्या चित्रपटाने फेडले. त्याच्या आरंभी तीच लढाई पुन्हा दाखवली आहे, पण या वेळी जमिनीवरून. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन, मोडलेल्या रस्त्यांतून गाडी पिटाळत आपल्या कंपनीच्या इमारतीकडे येतो, ती इमारत त्याच्यादेखत कोसळते, आणि लोक ज्या धुळीच्या लोटापासून जीव घेऊन पळत आहेत त्या लोटाच्या दिशेने तो एकटा धावत सुटतो. धुळीत त्याला तुळईखाली पाय अडकलेला आपला कर्मचारी सापडतो. मग एक लहान मुलगी. तिची आई कोठे आहे असे विचारल्यावर ती बोटाने कोसळलेल्या इमारतीकडे दाखवते. ब्रूस तिला कवटाळतो आणि वर आभाळाकडे पाहतो, जेथे दोन ठिपके अजून एकमेकांवर आदळत आहेत. 2001 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळताना ज्यांनी पाहिले, त्यांना ही करडी धूळ आणि धुळीने माखलेले ते चेहरे ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाहीत. स्नायडरने केलेल्या सर्व कामात या काही मिनिटांइतके सच्चे दुसरे काही नाही, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही. देवांच्या लढाईत माणसांचे काय होते, हा महाकाव्यांइतका जुना प्रश्न त्याने एका मुलीच्या बोटाने विचारला आहे.

समर्थक: आणि हा प्रश्न विचारायलाच त्याने सारी मांडणी केली होती. कॉमिक्सच्या जगात 1986 साली फ्रँक मिलरच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ने आणि अ‍ॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ने सुपरहिरोची विरचना केली. विरचना म्हणजे एखाद्या कथाप्रकाराची वीण उसवून त्याच्या पोटातली गृहीतके उघड्यावर आणणे: मुखवटा घालून रात्री लोकांना बदडणारा माणूस खरोखर कसा असेल, आणि आभाळातून उतरलेल्या सर्वशक्तिमान परक्यावर सरकारे, सैन्ये, श्रद्धाळू आणि भेदरलेले लोक खरोखर काय करतील, असे प्रश्न विचारणे. स्नायडरने 2009 मध्ये ‘वॉचमेन’ पडद्यावर आणला आणि नंतर तेच प्रश्न सुपरमॅनला विचारले. त्याचा पुतळा उभारला जातो, त्याच पुतळ्यावर तो खोटा देव असल्याचे रंगाने लिहिले जाते, संसदेची समिती त्याला जाब विचारायला बोलावते. पुराणातल्या व्यक्तीकडे माणूस म्हणून पाहण्याचा हा मार्ग मराठी वाचकाला तरी परका वाटू नये.

समर्थकाने जाता जाता केलेला हा उल्लेख योग्य आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने महाभारतातल्या व्यक्तींना देवत्वाच्या वलयातून बाहेर काढले आणि शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाकडे पाहण्याची एका पिढीची नजर बदलली, तेव्हाही परिचित पात्राला हात लावण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आलाच होता. पण आक्षेपकाचे उत्तर नेमके येथूनच सुरू होते.

आक्षेपक: ‘युगान्त’ वाचणाऱ्याच्या मनात महाभारत आधीच पक्के असते. ‘वॉचमेन’ आला तेव्हा सुपरमॅनच्या गोष्टी 48 वर्षे छापल्या जात होत्या. 1992 मध्ये कॉमिक्सने सुपरमॅनला मारले तेव्हा वाचकांनी त्याच्यासोबत 54 वर्षे काढली होती, म्हणून तो मृत्यू लोकांच्या जिव्हारी लागला. स्नायडरने आपल्या मालिकेच्या दुसऱ्याच चित्रपटात त्याला मारला. या मालिकेतला सुपरमॅन लोकांचा लाडका झालेला प्रेक्षकाने पाहिलाच नव्हता. मग त्याच्या शवपेटीभोवती जमलेल्या गर्दीचे दुःख प्रेक्षकाने कोठून आणावे? घर बांधून होण्याआधीच भिंती खरवडून आतली वीट दाखवण्याचा हा प्रकार आहे.

समर्थक: लाडका झालेला दाखवला आहे. मेक्सिकोत जळत्या इमारतीतून तो एका मुलीला बाहेर काढतो आणि चेहऱ्यांवर कवट्या रंगवलेला जमाव त्याला नुसता स्पर्श करायला झेपावतो. पुराच्या पाण्यात बुडालेल्या घराच्या छपरावर एक कुटुंब त्याचे चिन्ह रंगवून त्याची वाट पाहत बसलेले असते, आणि तो येतो.

आक्षेपक: तो येतो आणि थांबतो, हेच तर दुखणे आहे. कॅमेरा छपरावर आहे, बाईचा हात वर गेला आहे, आणि सुपरमॅन सूर्य पाठीशी घेऊन हवेत तरंगतो आहे. त्याचा चेहरा नीट दिसत नाही. त्याचा हात तिच्या हातात पडलेला त्या चित्रात नाही. ती बाई त्याच्याशी काय बोलली, तिला त्याने कोठे नेऊन ठेवले, त्या वेळी त्याला स्वतःला काय वाटले, यातले काही कळत नाही. हे देवघरातल्या तसबिरीसारखे आहे. हात जोडता येतात, ओळख होत नाही.

या तक्रारीचे मूळ स्नायडरच्या दृश्यभाषेत आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. ‘300’ या चित्रपटापासून त्याची ख्याती ज्यामुळे झाली ती युक्ती म्हणजे एकाच चित्रणात गती अचानक मंद करणे आणि पुन्हा वाढवणे, त्यामुळे कॉमिक्सच्या पानावरच्या चौकटीसारखा एखादा क्षण गोठून उभा राहतो. त्याच्या नजरेला माणूस हलताना दिसतो त्यापेक्षा मूर्तीसारखा ठाकलेला अधिक भावतो. 2021 चे ‘जस्टिस लीग’ त्याने रुंद पडद्याऐवजी जुन्या दूरचित्रवाणी संचासारख्या, जवळजवळ चौकोनी चौकटीत दिले, आणि त्याचे त्याने दिलेले एक कारण असे, की सुपरहिरोच्या आकृती आडव्यापेक्षा उभ्या असतात. उभी आकृती पूर्ण मावायची तर कॅमेरा खाली राहणार आणि वर पाहणार. कोसळणारी इमारत पाहणाऱ्या ब्रूसच्या बाबतीत ही नजर अचूक लागू पडते, कारण तेथे वर पाहणे हाच प्रसंगाचा विषय आहे. छपरावरच्या बाईच्या बाबतीत तीच नजर अपुरी पडते, कारण तेथे कोणीतरी खाली उतरायला हवे होते.

‘मार्था’ या नावावरून झालेल्या थट्टेत मात्र तथ्य कमी आहे. भाला उगारलेला बॅटमॅन सुपरमॅनच्या तोंडून आपल्याही आईचे नाव ऐकून थबकतो, ही कल्पना लोकांनी समजून न घेताच हसण्यावारी नेली. परक्या ग्रहावरच्या ज्या प्राण्याला तो मारायला निघाला त्यालाही आई आहे, हे त्याला त्या क्षणी कळते. प्रसंगाची बांधणी कच्ची आहे, विचार कच्चा नाही. चित्रपटगृहात लागलेल्या आवृत्तीतून सुमारे अर्धा तास कापला गेला होता, आणि तो परत जोडून 2016 मध्येच आलेली मोठी आवृत्ती पाहणाऱ्याला कथेचे बरेच तुटलेले धागे जुळलेले दिसतात.

आक्षेपक: कापाकापीचे दुःख स्नायडरच्याच वाट्याला आले असे नाही. ‘सुपरमॅन’चा दुसरा भाग बराचसा चित्रित झाल्यावर निर्मात्यांनी डोनरला काढले, रिचर्ड लेस्टरने तो पूर्ण केला, आणि डोनरच्या मनातली आवृत्ती पाहायला 2006 साल उजाडावे लागले. अन्याय झाला म्हणून कलाकृती थोर ठरत नाही.

समर्थक: ठरत नाही, पण ती पाहिल्याशिवाय न्यायही करता येत नाही. 2017 ची आवृत्ती दोन तासांची होती. तीत संगीतकार बदलला होता, रंग बदलले होते, सुपरमॅन साकारणाऱ्या हेन्री कॅव्हिलची दुसऱ्या चित्रपटासाठी राखलेली मिशी संगणकाने पुसल्यामुळे नायकाचा ओठ परका दिसत होता, आणि व्हिक्टर स्टोन, म्हणजे अर्धे शरीर यंत्राचे झालेला सायबॉर्ग, याची कथा जवळजवळ नाहीशी झाली होती. ज्या चाहत्यांना हट्टी म्हटले जाते त्यांनी ही आवृत्ती मागता मागता आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेसाठी पाच लाख डॉलर्सहून अधिक निधी जमवला. त्यांच्यातल्या काहींची भाषा मर्यादा सोडून गेली हे खरे, आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. पण जे त्यांनी मागितले ते मिळाल्यावर त्यात काय होते ते पाहा.

ते पाहिले पाहिजे, कारण या वादाचा निर्णय तेथेच आहे. 2021 च्या आवृत्तीत व्हिक्टर आपल्या शास्त्रज्ञ वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकत असतो. जगातली अण्वस्त्रे आणि जगाचा सारा पैसा यांवर आता त्याची सत्ता चालू शकते, असे तो आवाज त्याला सांगतो. एवढे सामर्थ्य हाती आल्यावर हा तरुण काय करतो? उपाहारगृहात राबणारी, मुलांना एकटीने वाढवणारी एक तरुण आई त्याच्या यांत्रिक दृष्टीला दिसते; घर सुटलेले, बँकेत उरलेली किरकोळ शिल्लक. ती पैसे काढायला एटीएमपुढे उभी राहते, आणि यंत्राच्या पडद्यावर तिला मोठे बक्षीस लागल्याचा मजकूर उमटतो. कोणी दिले हे तिला कळत नाही. ती वर पाहत नाही, कारण वर कोणी तरंगत नाही. ती समोरच्या छोट्या पडद्याकडे पाहते, आणि कॅमेरा तिच्या उंचीवर असतो. क्लीव्हलंडच्या त्या दोन तरुणांनी मोडक्या वस्तीतल्या माणसांसाठी ज्या नायकाची कल्पना केली होती, तो या प्रसंगात पूर्णपणे हजर आहे.

म्हणून स्नायडरला सुपरहिरो कळलाच नाही, हा आक्षेपकांचा टोकाचा निष्कर्ष टिकत नाही. त्याला तो कळला होता आणि दाखवताही येत होता. पण समर्थकांनाही हे मान्य करावे लागेल, की लाल झगा पाठीवर आल्यानंतरच्या सुपरमॅनला एखाद्या अनोळखी सामान्य माणसाबरोबर असा एकही निवांत प्रसंग तीन चित्रपटांत मिळालेला नाही. जे त्याला द्यायचे होते ते दिग्दर्शकाने व्हिक्टरला दिले. पुढे 2025 मध्ये जेम्स गनने नवा ‘सुपरमॅन’ केला, त्यात अजस्र प्राण्याशी चाललेल्या लढाईत नायक एका खारीचाही जीव वाचवतो, आणि डोनरच्या मांजराची परंपरा पुन्हा सुरू झाली. स्नायडरचा पहिला चित्रपट ‘डॉन ऑफ द डेड’ (2004), त्याची पटकथा याच गनची होती. आज ज्यांची नावे घेऊन चाहते दोन तट करतात, त्यांनी तेव्हा एकाच चित्रपटावर काम केले होते. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी तट विसरून ब्रूसचा धुळीतला प्रसंग आणि एटीएमपुढचा प्रसंग लागोपाठ पाहावेत. त्यातला दुसरा प्रसंग 2017 मध्ये चित्रपटगृहांत लागलेल्या आवृत्तीत नव्हता.